मोडलेली नव्हे, मोडीत काढलेली!

दसरा उलटला की वर्तमानपत्राचे पहिले पान बातमीच्या मालकीचे राहत नाही. ‘जुने द्या, नवे न्या’, ‘बिनव्याजी हप्ते’, ‘सवलत फक्त मुहूर्तापुरती’ अशा आरोळ्यांनी ते भरून जाते. खंडेनवमीला ज्या यंत्राला आपण हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला, हात जोडले, तेच यंत्र वीस दिवसांनी धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर ‘जुने झाले’ म्हणून दुकानदाराच्या हवाली करायचे! हा कुठला धर्म आणि हे कुठले शहाणपण? पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावली तो बैल दिवाळीला कसायाच्या दावणीला नेऊन बांधणाऱ्या माणसाला आमच्या वऱ्हाडात कोणी शहाणा म्हणणार नाही. मग यंत्राच्या बाबतीतच आपली बुद्धी गहाण का पडते?

वस्तूचा शेवट दोन तऱ्हांनी होतो. एक, वस्तू मोडते. दुसरी, ती मोडीत काढली जाते. पहिल्या गोष्टीत दोष काळाचा. दुसरीत दोष माणसाचा, आणि बहुतेक वेळा विकणाऱ्या माणसाचा. या दोहोंतला फरक आपण विसरलो आहोत, आणि तो विसरायला लावण्यावरच आजचा सगळा बाजार उभा आहे, असे माझे सरळ म्हणणे आहे. या म्हणण्याला मी साक्षीदार म्हणून कोणा अर्थशास्त्रज्ञाला उभे करीत नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. माझा साक्षीदार दोन चाकांचा आहे.

ही माझी सायकल. गेल्या शतकाच्या नव्वदीत अमेरिकेत नोकरीला असलेल्या एका पुणेकर गृहस्थांनी ती तिकडे हौसेने घेतली, परत येताना बरोबर आणली, आणि पुढे नव्या मापाची सायकल घेतल्यावर जिन्याखाली लोटून दिली. माझ्या एका कादंबरीचे मानधन देऊन मी ती सोडवून आणली. यावरून ती किती स्वस्तात मिळाली हे सुज्ञ वाचकांनी ओळखावेच. डोंगरदऱ्यांतून चालवण्यासाठी केलेली ही सायकल. आमच्याकडची पोरे असल्या जातीच्या सायकलीला सरसकट ‘रेंजर’ म्हणतात. हिला मागच्या बाजूला स्प्रिंग नाही. मागचा सांगाडा सरळ, ताठ, एकसंध. पुढच्या चिमट्यात पूर्वी दणके खाणारी यंत्रणा होती. तिचे रबरी भाग मिळेनासे झाले म्हणून मी साधा पोलादी चिमटा बसवून घेतला. आणि सांगाडा आहे टायटॅनियमचा. त्यावर रंग नाही, गंज नाही. पावसाळी ढगासारखा करडा दिसतो, एवढेच.

टायटॅनियम म्हटले की विमाने आणि शस्त्रक्रियेची दालने डोळ्यांपुढे येतात. ते बरोबरही आहे. पण दिवाळीला आपण दारे-खिडक्यांना जो पांढरा रंग देतो, त्याचा पांढरेपणासुद्धा बहुधा याच धातूच्या भस्माचा असतो. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत तो आहे. केरळात चवरा येथे २०११ पासून वाळूतल्या खनिजापासून हा धातू काढण्याचा कारखानाही उभा आहे. विल्यम ग्रेगर नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाला १७९१ साली कॉर्नवॉलच्या अशाच काळ्या वाळूत तो प्रथम आढळला. पुढे १७९५ मध्ये क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ग्रीक पुराणांतल्या टायटनांवरून त्याचे बारसे केले. म्हणजे धातू दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे तो त्याला खनिजातून सोडवण्याचा आणि जोडण्याचा खटाटोप. तापलेले टायटॅनियम हवेतला प्राणवायू आणि नत्रवायू शोषून ठिसूळ होते, म्हणून त्याचे सांधे अर्‌गॉन वायूच्या आवरणाखाली जोडावे लागतात. इतके सोपस्कार झाल्यावर मात्र जे हाती येते ते चिवट असते. वजन पोलादाच्या सुमारे साठ टक्के. गंजण्याचे नाव नाही. अॅल्युमिनियमला प्रत्येक हिसका थोडाथोडा थकवीत जातो. पोलाद आणि टायटॅनियम यांची गोष्ट निराळी. ताण एका मर्यादेच्या आत राहिला तर ती वर्षानुवर्षे वाकतात आणि पुन्हा सरळ होतात, जुन्या शेतकऱ्यासारखी.

मग अशी सायकल जिन्याखाली का गेली? तिला तडा गेला होता? नाही. ती वाकली होती? नाही. तिचा गुन्हा एकच : तिचे माप जुने झाले होते!

या मापांचे प्रकरण सविस्तर ऐकण्यासारखे आहे. डोंगरी सायकलीचा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, असे कोणी विचारले तर उत्तर आहे, कुठल्याच नाही. कॅलिफोर्नियात टॅमालपाइस नावाच्या डोंगराच्या आसपास राहणाऱ्या काही रिकामटेकड्या पोरांनी भंगारातल्या, तिसा-चाळिशीतल्या जाडजूड टायरांच्या सायकली उचलल्या आणि डोंगरावरून खाली सोडल्या. १९७६ साली त्यांनी शर्यत लावली. उतारावर मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. त्या भंगार सायकलींची चाके २६ इंची होती, म्हणून डोंगरी सायकलीचे चाक पुढची तीस-पस्तीस वर्षे २६ इंची राहिले. ध्यानात घ्या, ज्या वाहनाचा सारा वंशच दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या वस्तूंतून निघाला, त्याच वाहनाचे व्यापारी आज आपल्याला सांगतात की पंधरा वर्षांपूर्वीची सायकल टाकून द्या!

कारण काय, तर चाक २६ चे २९ इंची झाले. मग तेही फार मोठे वाटले म्हणून साडेसत्तावीसचे निघाले. मागच्या चाकाचा आस बसण्याची जागा १३५ मिलिमीटर होती, ती १४२ झाली, नंतर १४८. हँडलची मान सरळ होती, ती खाली रुंद झाली. पॅडलचा आस ज्या नळीत फिरतो तिथे पूर्वी आटे असत. ते काढून छर्ऱ्यांच्या वाट्या दाबून बसवण्याची टूम निघाली. त्या वाट्या कुरकुरू लागल्या, गिऱ्हाईकेही कुरकुरू लागली, तेव्हा कित्येक कंपन्या मुकाट्याने पुन्हा आट्यांकडे वळल्या. म्हणजे आधी जुने वाईट म्हणून नवे विकले, आणि मग तेच जुने नवे म्हणून पुन्हा विकले! या धंद्याला सुधारणा म्हणायचे की दोन्ही खिशांत हात घालणे म्हणायचे?

यावर शहरातले शौकीन मला उत्तर देतील, आणि त्यांचे उत्तर मी ऐकून घेतो. मोठे चाक दगडांवरून अधिक सहज जाते, खरे आहे. चिखलात आणि पाण्यात तबकडीचे ब्रेक माझ्या रबरी गट्ट्यांपेक्षा चांगले धरतात. तेही खरे आहे. शर्यतीत उतरणाऱ्याला उत्तमातले उत्तम यंत्र लागते. नाशिकच्या महाजन डॉक्टरबंधूंनी २०१५ साली आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी कापणारी जवळजवळ पाच हजार किलोमीटरांची शर्यत पुरी केली. त्या माणसांनी कोणते यंत्र वापरावे हे मी कोण सांगणार? पण आपल्यांतले किती जण अमेरिका आडवी कापायला निघाले आहेत? बहुतेकांना शाळा, बाजार, शेत आणि फार तर एखाद्या टेकडीवरचे देऊळ गाठायचे असते. नवे चांगले आहे, एवढ्यावरून जुने टाकाऊ कसे ठरते, हा माझा प्रश्न आहे. धाकटा मुलगा हुशार निघाला म्हणून थोरल्याला कोणी घराबाहेर काढीत नाही.

आता गंमत पाहा. जे २६ इंची चाक शहरातल्या महागड्या दुकानांत ‘मेले’ म्हणून सांगतात, ते आमच्या गावात ठणठणीत जिवंत आहे. आमचे नेर, पुरे नाव नेर परसोपंत, यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. इथे सायकलच्या दुकानात २६ इंची जाड टायर आणि ट्यूब टांगलेली सापडते, कारण पोरांच्या रेंजर सायकलींचे माप तेच आहे. सव्वीशीची रिंग वाकडी झाली तर दुकानातला कारागीर बोलता बोलता तिचा आऊट काढून देतो. छर्रे, ग्रीस, चेन, ब्रेकचे गट्टे, सगळे मिळते. उलट, परवा परवा घेतलेली एखादी अद्ययावत सायकल मागच्या आसासाठी आठवडेच्या आठवडे भिंतीला टेकून उभी असते. सांगा, मग यांतली जुनी कोणती आणि निकामी कोणती?

आणि आमचे पांदण रस्ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरे बोलतात. पावसाळ्यात इथली काळी माती चाकाला अशी धरते की चार ढांगांत चिमटा भरून जातो आणि चाक फिरायचे थांबते. मग सायकल चालवायची नसते, खांद्यावर घ्यायची असते; आणि वीस किलोंची काळी सायकल व बारा किलोंची करडी सायकल यांतला फरक तिथे खांद्याला कळतो. मागच्या बाजूला स्प्रिंग नाही, सांधे नाहीत, म्हणून मातीला शिरायला जागा नाही. नळाखाली धरली की काम झाले. बाभळीचा काटा आणि सराटा मात्र धातू विचारीत नाही. पंक्चर हे राजालाही आणि रंकालाही. पण पंक्चर काढायला पाच मिनिटे आणि एक ठिगळ लागते, कर्ज लागत नाही.

कर्ज हा शब्द मी मुद्दाम काढला. ज्या जिल्ह्यात या शब्दाने कित्येक घरांतले दिवे विझवले, त्या जिल्ह्यात हप्त्याने हौस विकणाऱ्यांचे तंबू बाजाराच्या मोक्यावर पडतात, आणि आपण त्याला सणाची शोभा म्हणतो! ‘काहून हो सर, अजून सायकलच? एक गाडी घेऊन टाका ना आता, हप्ता काही जास्त नाही,’ असे मला रस्त्यात थांबवून सांगणारे भेटतात. ते वाईट नाहीत. त्यांच्या तोंडून बाजार बोलतो. मी म्हणतो, ‘भाऊ, हप्ता जास्त नाही हे खरं, पण तो दर महिन्याले येते ना!’ ज्याचे शेत दहा कोस दूर आहे, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याने मोटारसायकल जरूर घ्यावी. माझे भांडण गरजेशी नाही. माझे भांडण आहे ते लाजेशी. धड चालणारी वस्तू वापरण्याची माणसाला लाज वाटावी, अशी हवा ज्यांनी निर्माण केली त्यांच्याशी आहे.

आणि या हवेत सर्वांत जास्त गुदमरतात ती मुले. मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत येण्यासाठी राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमातून सायकली देते. फार चांगली गोष्ट. त्या सायकलीवर बसून कित्येक मुली सातवीनंतरची शाळा गाठतात, एरवी त्या घरीच बसल्या असत्या. पण त्या सायकलींचे पुढे काय होते हे पाहायला कोणी येत नाही. चेन उतरली, कोणी चढवली नाही. चाकाला हवा नाही, कोणी भरली नाही. एक पावसाळा गोठ्याबाहेर गेला आणि सायकल गंजली. पोरगी पुन्हा पायी, आणि मग पुन्हा घरी. सरकार सायकल देते, पाना देत नाही! तीनशे पानांचे पाठ्यपुस्तक शिकवायला आपल्याकडे मास्तर आहेत. सैल झालेला नट आवळायला शिकवायचा तास वेळापत्रकात नाही. मी शनिवारी शाळा सुटल्यावर मुलामुलींना सायकल उलटी करून पंक्चर काढायला, चेन साफ करायला शिकवतो. पहिल्या दिवशी मुली हात काळे होतील म्हणून मागे उभ्या होत्या. आता एकमेकींच्या हातातून पाना ओढून घेतात. ज्या मुलीला आपली सायकल दुरुस्त करता येते तिची शाळा सहजासहजी सुटत नाही, हे मी डोळ्यांनी पाहतो आहे.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून एक दालन उघडले. मोटारी, भ्रमणध्वनी, शेतीची अवजारे यांच्या कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती तिथे द्यावी, असा हेतू आहे. हेतू स्तुत्य; पण माहिती म्हणजे भाग नव्हे. वस्तू विकल्यानंतर ठराविक वर्षे तिचे भाग पुरवलेच पाहिजेत, असा सक्तीचा कायदा हवा. मापे बदलायची तर खुशाल बदला, पण जुन्या मापाचे भाग चालू ठेवा. आणि प्रत्येक शाळेत आठवड्याला एक तास दुरुस्तीचा हवा. या तीन मागण्यांत क्रांती कुठलीच नाही. तरी यातली एकही गोष्ट आपसूक होणार नाही, कारण तिच्यात विकणाऱ्याचा फायदा नाही.

कोणी म्हणेल, लोकांनी जुनेच वापरले तर कारखाने बंद पडतील, कामगार उपाशी मरतील. मग ऐका. साहिबाबादचा अॅटलास सायकलीचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी! त्या कामगारांना जुन्या सायकली जपणाऱ्यांनी घरी बसवले काय? सायकलीला गरिबाचे वाहन म्हणून नाके मुरडणाऱ्या जगात तो कारखाना चालणार तरी कसा? वस्तू जपणारा समाज कारागिराला पोसतो. वस्तू फेकणारा समाज फक्त हप्ते वसूल करणाऱ्याला पोसतो. कारागिराचे दुकान वर्षभर उघडे असते. मुहूर्ताचा तंबू आठ दिवसांत उठतो.

म्हणून घरोघरच्या आयाबहिणींना, दादाभाऊंना या सणाच्या तोंडावर एवढेच सांगणे आहे. माळा झाडताना, जिना पुसताना जी वस्तू हाती लागेल ती तराजूत टाकण्यापूर्वी तिला एकदा विचारा : तू मोडली आहेस, की तुला मोडीत काढले आहे? मोडली असेल तर दुरुस्त करा; दुरुस्त होण्यापलीकडे गेली असेल तर खुशाल निरोप द्या. पण नुसतेच वर्ष उलटले म्हणून तिला हाकलू नका. अभ्यंगस्नानाच्या तेलातले दोन थेंब एखाद्या जुन्या चेनीला दिले तर लक्ष्मी रुसणार नाही. तेल मशीनचे असेल तर उत्तमच.