उलटं करून बघा

कोणी कौतुकाने रेझिनचं मॉडेल हातात दिलं की मी पहिल्यांदा ते उलटं करतो. देणाऱ्याला राग येतो. येऊ दे.

माझ्या ओळखीतल्या काही पोरांनी एकदाचे ते जर्मन टायगर आणि अमेरिकन शर्मन रणगाडे सोडले आणि आपल्या पोलिसांच्या चिलखती गाड्या करायला घेतल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. पण सगळ्यांनी मिळून निवडली ती सुरुंगरोधक गाडी, म्हणजे गडचिरोलीच्या बातम्यांत जिला एमपीव्ही म्हणतात ती. आणि एकजात सगळ्यांनी तिचं पोट सपाट केलंय. वर रंग झकास, चिखल झकास, दारांचे बिजागर झकास, छतावर बंदूक ताणलेला जवान. उलटं केलं की खाली पोळपाट!

हे म्हणजे नांगर करायचा आणि फाळ विसरायचा, असं झालं. ही गाडी म्हणजे तिचं पोट. बाकी सगळं वर ठेवलेलं सामान.

जरा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय वाद घालण्यात मजा नाही. आपल्या एमपीव्हीची आजी म्हणजे दक्षिण आफ्रिकेची कॅस्पीर. हे नाव म्हणजे सीएसआयआर ही तिथली संशोधन संस्था आणि एसएपी, म्हणजे साउथ आफ्रिकन पोलीस, या दोघांची अक्षरं उलटीसुलटी करून बनवलेला शब्द आहे. म्हणजे ही गाडी जन्मानेच पोलिसांची, लष्कराची नव्हे. भारताने नव्वदच्या दशकाच्या शेवटी या गाड्या विकत घेतल्या आणि मग मेदकच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने त्याच घाटाची 'आदित्य' काढली. जबलपूरच्या वाहन कारखान्यातही सुरुंगरोधक गाड्या बनल्या.

तिची खुबी खालच्या 'व्ही' आकारात आहे. सुरुंग फुटला की वायूचा लोट वर येतो. तळ सपाट असेल तर सगळा दणका तळावर, आणि तळावर कोण बसलंय? माणसं. तळ होडीच्या बुडासारखा निमुळता असेल तर लोट दोन्ही बाजूंनी निसटतो. चाक उडतं, अ‍ॅक्सल उडतो, ते उडू द्यायचे असतात. पत्र्याची पेटी शाबूत राहिली पाहिजे. गाडी जमिनीपासून उंच ठेवतात ती त्या लोटाला पसरायला जागा मिळावी म्हणून. आत जवानाला पट्ट्यांनी सीटला बांधून घ्यावं लागतं, कारण पेटी शाबूत राहिली तरी उसळीने मणका मोडतो. कॅस्पीरच्या बाबतीत नेहमी दिला जाणारा आकडा असा आहे: चाकाखाली २१ किलो टीएनटी, पोटाखाली १४ किलो. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता प्रश्न असा की चांगली हुशार पोरं पोट सपाट का करतात? आळस हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं साच्यात आहे. (ज्यांना रेझिनमध्ये रस नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळावेत, मी रागावणार नाही.)

घरगुती कास्टिंगचा सोपा मार्ग म्हणजे एका तोंडाचा साचा. प्लास्टिक शीटचं मूळ मॉडेल एका फळीला चिकटवायचं, भोवती खोकं उभं करायचं, सिलिकॉन रबर ओतायचं. रबर घट्ट झालं की मूळ मॉडेल काढून घ्यायचं. फळीला चिकटलेली बाजू साच्याचं उघडं तोंड होते, आणि रेझिन तिथूनच ओततात. मग कुठली बाजू फळीला चिकटवणार? जी दिसत नाही ती. म्हणजे पोट! रेझिन घट्ट झालं की काचेवर पॉलिश पेपर ठेवायचा आणि पोट घासून सपाट करायचं. काम तमाम. रणगाड्याला हे चालून जातं, त्याचा तळ तसाही बऱ्यापैकी सपाट असतो. तीच पद्धत डोळे झाकून एमपीव्हीला लावली की व्ही गेला.

व्ही ठेवायचा तर साचा दोन तुकड्यांत करावा लागतो. मूळ मॉडेल चाकांच्या वरच्या रेषेपर्यंत क्लेमध्ये पुरायचं, वरचा अर्धा साचा ओतायचा, मग क्ले काढून, रबराला व्हॅसलीन लावून खालचा अर्धा. रेझिन मागच्या दाराच्या खालच्या कडेतून सोडायचं, हवा निघायला उंच टोकांना बारीक वाटा ठेवायच्या. याची किंमत अशी की दोन तुकड्यांचा सांधा आता गाडीच्या बाजूवर येतो, अगदी दिसेल असा. तो पुट्टी लावून, पॉलिश पेपर ओला करून, तोंडाला मास्क बांधून (रेझिनची धूळ फुप्फुसात साठवायची वस्तू नाही) अर्धा दिवस घासत बसावा लागतो. शिवाय आपलं हवामान. बाटलीवर पाच मिनिटं लिहिलेली असतील तर वाशिमच्या मे महिन्यात तीनच धरा. आणि पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या हार्डनरने हवेतली ओल खाल्ली की रेझिन जिलेबीच्या पिठासारखं फसफसतं. म्हणून हे दिवाळीनंतरचं काम.

म्हणजे निवड स्पष्ट आहे. दिसणारी बाजू फुकटात गुळगुळीत हवी की न दिसणारी बाजू खरी हवी? माझा एक मित्र म्हणाला, "कोन पाह्यते बे खालून?" हा माणूस माझ्यासारखाच कोड लिहून पोट भरतो. युजरला दिसत नाही म्हणून एरर हँडलिंग न लिहिणाऱ्या ज्युनिअरला हाच मित्र सोमवारी सकाळी फाडून खातो. खालून कोण बघतो? सुरुंग बघतो की!

असो. सपाट पोटापेक्षा मला जास्त खटकतं ते त्याच्यावर रचलेलं नाटक. गाडी जंगलात उभी, जवान बंदुका रोखून, एक झेंडा, खाली शौर्यावर एखादं घणाघाती वाक्य. गणपतीचा देखावाच. वास्तविक ही गाडी हल्ला करायला बनलेलीच नाही. तिचं काम एकच: आतल्या डझनभर माणसांना इथून तिथे जिवंत नेणं. आणि तेही प्रत्येक वेळी जमलेलं नाही. ३ सप्टेंबर २००५ ला तेव्हाच्या दंतेवाडा जिल्ह्यात, आजच्या बिजापुरात, अशीच सुरुंगरोधक गाडी उडवली गेली आणि २४ जण गेले. पोटाखाली १४ किलो हा हिशोब कारखान्यातला. समोरचा माणूस स्फोटकं मोजून १४ किलोच पुरेल असं त्याच्याकडून कोणी लिहून घेतलं नव्हतं.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यात दादापूरला नक्षल्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली. तिकडे निघालेलं शीघ्र कृती दलाचं पथक जांभूळखेड्याजवळ स्फोटात सापडलं. १५ जवान आणि एक चालक ठार झाले. ते एमपीव्हीत नव्हते. खासगी वाहनात होते. तो चालकही पोलीस नव्हता, गाडीसोबत आलेला साधा माणूस.

त्या १५ जणांत बुलढाण्याची मुलं होती, हिंगोलीचं होतं, यवतमाळचं होतं. नकाशा काढा. हे तिन्ही जिल्हे वाशिमला लागून आहेत. आमच्याकडे पहाटे पाचला मैदानावर जा, पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं दिसतील. सोयाबीनचा भाव पडला की यांची संख्या वाढते, असं माझं निरीक्षण आहे (आकडेवारी मागू नका). २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली, त्यात महाराष्ट्रातले चारच जिल्हे होते, आणि त्या चारांत वाशिमही होता, गडचिरोलीही होता. मागासलेपणाच्या एकाच यादीतल्या एका जिल्ह्याची पोरं दुसऱ्या जिल्ह्याच्या रस्त्यावर पाठवायची, तर निदान गाडी कुठली दिली ते विचारायला नको का? आणि हे फक्त महाराष्ट्रातलं नाही. ६ जानेवारी २०२५ ला बिजापूरजवळ पुन्हा तेच घडलं. आठ जवान आणि एक चालक. गाडी साधी, चारचाकी, बाजारात मिळते तशी.

इथे जाणकार लगेच अडवतील, आणि त्यांचा मुद्दा खोटा नाही. ते म्हणतात, एमपीव्ही जड आणि आवाजी असते, रस्ता सोडून फारशी जाऊ शकत नाही, ती येतेय हे गावभर कळतं. म्हणून जाणते अधिकारी सांगतात की पायी चला, रस्ताच टाळा. मान्य, शंभर टक्के मान्य. पण २०१९ चं पथक पायी नव्हतं ना. ते रस्त्यावरच होतं, चाकांवरच होतं, फक्त व्हीविना. एमपीव्हीचे दोष सांगून साध्या गाडीचं समर्थन होत नाही.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. "पोलिसांच्या गाडीची मापं काढतोस, देशद्रोह आहे हा!" अरे बाबा, व्ही आकाराचं तंत्र चाळीस वर्षांहून जुनं आहे. गाड्यांचे फोटो वर्तमानपत्रात येतात. मी टायरच्या व्यासावरून फोटोतली मापं काढतो, ते बारावीच्या पोराला येतं. गाडीचा नंबर, ठाण्याची रचना, रस्ते यातलं काही मी मॉडेलात घालत नाही, कोणीच घालू नये. आणि अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात खुद्द लष्करानेच जुने रणगाडे लोकांनी बघावेत म्हणून मांडून ठेवलेत. तिथे कोणी वाकून पोट बघितलं तर देश बुडत नाही.

तिसरा आक्षेप पुण्याच्या एका मैत्रिणीचा, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. तिचं म्हणणं, "ही गाडी दडपशाहीचं प्रतीक आहे, तू तिचं खेळणं करतोस." खरंय. वर्णभेदाच्या काळात हीच कॅस्पीर काळ्या लोकांच्या वस्त्यांतून फिरायची. वस्तीत सुरुंग कुठले? तिथे व्हीचा काही उपयोग नव्हता, उपयोग होता तो उंचीचा. आतला माणूस बाहेरच्यांकडे वरून खाली बघायचा, आणि बाहेरच्या पोराला दिसायचं फक्त भलंमोठं चाक. राल्फ झिमन नावाच्या मूळच्या जोहान्सबर्गच्या कलाकाराने काही वर्षांपूर्वी एक अख्खी कॅस्पीर रंगीत मण्यांनी मढवून घेतली, चाकांपासून छतापर्यंत, स्थानिक कारागिरांच्या हातून. ते काम बघितलं तेव्हा मला मैत्रिणीचं म्हणणं नीट कळलं. पण तिचा निष्कर्ष मला पटत नाही. जी उंची सुरुंगापासून वाचवते तीच उंची वस्तीतल्या पोराला घाबरवते, गडचिरोलीतल्या माडिया पोरालाही घाबरवत असणार. ही दोन्ही सत्यं एकाच मापात आहेत. गाडीशेजारी १:३५ चं एक उघड्या पायांचं पोर उभं केलं की ते माप आपोआप दिसतं. बंदूक ताणलेल्या जवानाऐवजी ते उभं करा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीने साठ जणांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. ती लढाई आता उतरणीला लागली आहे, चांगलंच आहे. पुढे एमपीव्ही भंगारात जातील, एखादी पोलीस मुख्यालयाच्या दारात रंगवून ठेवतील. मग ही गाडी कशी होती ते कुठून कळणार? फोटोत पोट येत नाही. ठाण्याच्या दारातल्या गाडीखाली तर सिमेंटचा चौथरा बांधलेला असतो, त्यामुळे तिथे वाकूनही उपयोग नाही. त्या वेळी कोणाच्या तरी शेल्फवर वीस सेंटिमीटरची, खालून खरी असलेली एक वस्तू असावी, इतकीच माझी मागणी आहे.

आणि तिच्याशेजारी दुसरी गाडी असावी, ती साधी. तिच्याशिवाय महाराष्ट्राची गोष्ट अर्धी राहते. सध्या तिचंच काम चाललंय आणि गंमत म्हणजे ती रेझिनमध्ये होत नाही. साध्या गाडीच्या तळाचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. पाऊण मिलिमीटर धरा. त्याला ३५ ने भागा: ०.०२ मिलिमीटर. वहीच्या कागदाच्या पाचव्या हिश्श्याइतका. एवढं पातळ रेझिन साच्यातून अखंड निघतच नाही. बरंच शोधल्यावर त्या जाडीच्या जवळ जाणारी एकच वस्तू घरात सापडली, आई डब्यात पोळ्या गुंडाळून देते ती फॉइल. सध्या तीच कापून लावतोय. फेविक्विकचा थेंब जरा जास्त पडला की सुरकुतते.