बोगदा आणि घाटवाट

कारंजा, शेलूबाजार किंवा मालेगाव येथून समृद्धी महामार्गावर चढलेला सोयाबीनचा ट्रक आता कसारा घाटाची वळणे न उतरता थेट आमण्यापर्यंत जातो. इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि नागपूर-मुंबई हा 701 किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. याच टप्प्यात इगतपुरीजवळ सुमारे 8 किलोमीटर लांबीचा जुळा बोगदा आहे. येण्यास एक, जाण्यास दुसरा. प्रत्येकात तीन मार्गिका. आग लागल्यास अतिदाबाने पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडणारी यंत्रणाही आत बसविली आहे.

सह्याद्रीची ही भिंत वऱ्हाडच्या व्यापाऱ्यास नवी नाही. एकेकाळी येथील कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरत असे. 1865 मध्ये थळ घाटातून रेल्वे इगतपुरीस पोहोचली आणि वऱ्हाडच्या कापसाला मुंबई जवळ आली.

ताशी 80 किलोमीटरने जाणारा ट्रक हा बोगदा सहा मिनिटांत पार करतो. घाटात जळणारे डिझेल, झिजणारे ब्रेक, एक वाहन बंद पडताच थिजणारी रांग हे सारे वाचते. परंतु वाचलेला तास कोणाच्या खात्यावर जमा होतो? बहुधा मालाच्या, चालकाच्या क्वचितच. 'आता रस्ता चांगला आहे' म्हणून पेढीवरून सुटण्याची वेळ उशिरा ठरते आणि त्याची झोप कापली जाते. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बसच्या अपघातात 25 प्रवासी दगावले, ते याच महामार्गावर. घरची मंडळीही सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून रात्रीच निघतात. (ही सवय सोयीची खरी, चालकाने दुपारी झोप घेतली होती का, हे मात्र कोणी विचारीत नाही.)

आणखी एक गोष्ट हिशेबात येत नाही. मुंबईकडून शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांकडे पायी विहार करणाऱ्या साधु-साध्वींना या बोगद्यात प्रवेश नाही. समृद्धीवर पादचाऱ्यांना मज्जावच आहे. त्यांची वाट जुन्या घाटातलीच, अरुंद कडेची, पहाटेच्या धुक्याची. तेथून अवजड वाहने जितकी बोगद्याकडे वळतील तितकी ती वाट मोकळी होईल. टोल वाचविण्यासाठी ट्रक जुन्या घाटात घालावा की नाही, हे पेढीवरच ठरते.