सीलला दाखला, माणसाला ठेंगा

तामा-चान आता फारसा कुणाला आठवत नसेल. ऑगस्ट २००२ मध्ये टोकियोजवळच्या तामा नदीत एक सील दिसला. दाढीवाल्या जातीचा, म्हणजे मूळचा पार उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातला. नदीवरून नाव पडलं तामा, आणि 'चान' म्हणजे आपल्या 'बाळ्या'सारखं लाडाचं. पुढे तो योकोहामाच्या नद्यांमध्ये वरचेवर दिसू लागला आणि काठावर ही गर्दी! टीव्हीवाले, शाळेतली पोरं, आजी-आजोबा... इथवर माझी काहीच तक्रार नाही. गोंडस प्राणी आहे, कौतुक होणारच.

पण फेब्रुवारी २००३ मध्ये योकोहामाच्या निशी वॉर्डाने त्याला चक्क रहिवासी दाखला दिला! माझं डोकं फिरतं ते इथे. कारण तेव्हा हाच दाखला जपानमधल्या परदेशी माणसांना मिळत नसे. त्यांची नोंद वेगळी, 'परके' म्हणून. रहिवासी कर मात्र इतरांसारखाच भरायचा. जपानी बायकोबरोबर संसार करणारा परदेशी नवरा घरच्यांच्या नोंदीत नसे. तिथेच जन्मून तिथेच म्हातारे झालेल्या, पण नागरिकत्व कोरियाचं असलेल्या लोकांचीही तीच गत.

मग काही परदेशी रहिवाशांनी गालांवर सीलसारख्या मिशा रंगवल्या आणि योकोहामात जमून आम्हालाही दाखला द्या म्हणून मागणी केली. याहून नेमका युक्तिवाद मला तरी सुचत नाही.

"अहो, गंमत होती ती. एवढं काय मनावर घेता?" असं म्हणणारे भेटतात. गंमत होती, मान्य. पण दाखला ही गमतीची वस्तू कुणाला वाटते? ज्याला तो मागितल्याबरोबर मिळतो त्याला! रेशनकार्डासाठी खेटे घातलेल्या आपल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

जुलै २०१२ मध्ये कायदा बदलला आणि परदेशी रहिवाशांची नावं त्या नोंदीत आली. सीलनंतर नऊ वर्षांनी का होईना, आली. चांगलंच झालं.

तरी एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती फक्त जपान्यांना लागू नाही. सील आवडतो कारण तो काही मागत नाही. तो भाड्याने घर शोधत नाही, पोरांना आपल्या शाळेत घालत नाही, नोकरीत वाटेकरी होत नाही. अशा पाहुण्यावर माया करायला काय लागतं? शहराचं मन किती मोठं आहे हे बघायचं असेल, तर खिडकीपाशी अर्ज घेऊन उभ्या असलेल्या परक्या माणसाला काय उत्तर मिळतं ते बघावं.