शिखर ‘सर’ करणाऱ्यांची भाषा

मराठी साहित्यात डोंगर म्हणजे सह्याद्री, हे समीकरण आपण जवळजवळ गृहीतच धरले आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. आमच्या गडचिरोलीतील ग्रॅनाइट आणि नाइस हे खडक अडीचशे कोटी वर्षांहूनही जुने. तिकडच्या दुर्गांना गो. नी. दांडेकर लाभले, विदर्भातील अरण्याला मारुती चितमपल्ली लाभले. इकडचे डोंगर मात्र साहित्यात उपरेच राहिले.

मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ या शासकीय उपक्रमातून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले. त्यांचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण कौतुकाची भाषा कोणती होती? मोहीम, चढाई, शिखर सर करणे, पादाक्रांत करणे. हे सारे शब्द रणांगणावरचे आहेत. ‘शौर्य’ हे नावसुद्धा त्याच कुळातले.

प्रवासवर्णन शिकवताना एकदा एका माडिया विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, डोंगर जिंकायचा कशाला? आमच्याकडे तर त्याच्या पाया पडूनच वर जातात.” मी हसून वेळ मारून नेली. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा डोंगर हे ठाकूरदेवाचे ठाणे आहे. दर जानेवारीत तेथे यात्रा भरते आणि माणसे डोंगर चढून देवाला भेटतात. याच डोंगरात लोहखनिज आहे आणि ते आज खाणीतून काढले जात आहे. एका भाषेत तो देव आहे, तर दुसरीत साठा. खाणीविषयी कोणाचे मत काहीही असो, डोंगराचे वर्णन करणारी भाषा निवडताना आपण त्याचे मोलही ठरवत असतो, एवढे तरी साहित्याच्या अभ्यासकाने ओळखायला हवे.

म्हणूनच मला वाटते की, त्या पाच मुलांचा अनुभव आपण बातमीवर सोडून देता कामा नये. शिखरावर पाऊल ठेवताना त्यांच्या मनात कोणता शब्द आला, आणि तो कोणत्या बोलीतला होता? त्यांना जिंकल्यासारखे वाटले की पोहोचल्यासारखे? हे त्यांना कोणीतरी विचारले पाहिजे आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतले पाहिजे. गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरातील मराठी विभागांनी हे काम हाती घ्यावे. एम.ए.च्या विद्यार्थ्याला लघुप्रबंधासाठी याहून चांगला विषय क्वचितच मिळेल. ती कथने हाती आली, की प्रवासवर्णनाच्या तासाला मी आधी तीच वाचून दाखवीन. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही.