विसरण्याच्या कितीतरी आधी

आजी एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारते, आजोबा दूधवाल्याला दोनदा पैसे देतात आणि घरात सगळे म्हणतात, ‘वय झालं आता!’ बऱ्याचदा कारण वयच असतं. पण अल्झायमर असेल, तर मेंदूतले बदल त्याच्या 15 ते 20 वर्षं आधी सुरू झालेले असतात. म्हणजे सत्तरीत दिसणारा आजार पन्नाशीतच घरात शिरलेला असतो.

मग तो तेव्हाच ओळखता येईल का? जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठात क्लाऊस गेर्वर्ट यांच्या गटाने त्यासाठी प्रकाश वापरला. आपल्या रक्तात अमायलॉइड बीटा नावाचं प्रथिन असतं. प्रथिन म्हणजे ठरावीक घडी घातलेला धागाच समजा. अल्झायमरमध्ये ही घडी चुकते, चुकलेले धागे एकमेकांना चिकटतात आणि मेंदूत साचत जातात. या गटाच्या चाचणीत रक्तातलं हे प्रथिन आधी एका छोट्या सेन्सरवर पकडलं जातं, मग त्यावर इन्फ्रारेड प्रकाश सोडतात. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो ना, त्याच जातीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. नीट घडीचं प्रथिन तो एका प्रकारे शोषतं, बिघडलेलं जरा वेगळ्या प्रकारे. हा फरक टिपणं म्हणजेच स्पेक्ट्रोस्कोपी.

जर्मनीच्या सारलँड भागात 2000 ते 2002 या काळात 50 ते 75 वयाच्या लोकांचं रक्त घेऊन जपून ठेवलं होतं. त्यातल्या 68 जणांना पुढच्या 17 वर्षांत अल्झायमर झाला. 2022 मध्ये त्यांचे जुने नमुने आजार न झालेल्या 240 जणांच्या नमुन्यांशी ताडून पाहिले, तेव्हा बिघडलेल्या घडीची खूण इतकी आधीच दिसत होती.

ही चाचणी अजून संशोधनाच्या पातळीवर आहे, त्यामुळे जवळच्या लॅबमध्ये चौकशी करू नका. शिवाय पन्नाशीतल्या आईला ‘तुला पुढे अल्झायमर होऊ शकतो’ हे सांगायचं कसं? मला तर हा प्रश्न चाचणीपेक्षा अवघड वाटतो. तरी लवकर कळण्याला अर्थ आहे. अमेरिकेत 2023 मध्ये पूर्ण मंजुरी मिळालेलं लेकानेमॅब हे औषध आजाराच्या सुरुवातीलाच दिलं जातं. त्याने आजार बरा होत नाही, वेग थोडा कमी होतो. उशीर झाला तर तेही हातचं जातं.

म्हणून ‘वय झालं’ म्हणून विषय संपवू नका. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही झोपेच्या गोळ्या यांमुळेही विसरायला होतं आणि यावर उपचार आहेत. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं वेगळं, रोजच्या रस्त्यावर घर न सापडणं वेगळं. असं काही घडलं की तारीख टाकून वहीत लिहून ठेवा आणि न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना ती वही आणि घरात सतत सोबत असणारी व्यक्ती, दोन्ही बरोबर न्या. आजोबा स्वतः तर डॉक्टरांना ‘मी अगदी ठणठणीत आहे’ असंच सांगणार!