दवाखान्याची रोजकीर्द आणि रुग्णाचे खाते

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. दिवसाचा व्यवहार रोजकीर्दीत उतरवायचा आणि नंतर तो ज्या-त्या पार्टीच्या खात्यावर खतवायचा, हे आम्ही पहिल्यांदा शिकलो. रोजकीर्द तारखेने चालते, खतावणी नावाने. नुसत्या रोजकीर्दीवर कोणाकडे किती येणे आहे, हे सांगता येत नाही.

हे आठवण्याचे कारण घडले. आमच्या एका कारागिराचा खोकला हटेना, म्हणून त्याला दवाखान्यात नेले. छातीचा फोटो निघाला, रिपोर्ट संगणकावर चढला. दोन महिन्यांनी पुन्हा गेलो, तर डॉक्टरांसमोर पान कोरे! रिपोर्ट हरवला नव्हता. तो जुन्या तारखेच्या अपॉइंटमेंटला जोडलेला होता. नवी अपॉइंटमेंट उघडल्यावर तो दिसेना. फाइलचे नाव नुसते ‘स्कॅन १’. मग पुन्हा फोटो, पुन्हा पैसे आणि गरिबाची एका दिवसाची मजुरी बुडाली.

कारागिराचे दुखणे एका तारखेत मावत नाही. कापसाच्या धुळीने होणारा बायसिनोसिस हळूहळू वाढतो. जुनी आणि नवी तपासणी शेजारी ठेवली, तरच श्वास किती घटला ते कळते. हा आजार कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. उद्या भरपाई मागायची वेळ आली, तर हेच कागद कामाला येतात.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, प्रत्येक कागद आधी रुग्णाच्या खात्यावर चढावा आणि तिथून त्या दिवसाच्या भेटीला जोडावा. फाइलच्या नावात तपासणीची तारीख आणि प्रकार असावा. जोडल्यावर ती एकदा उघडून नाव ताडून पाहावे. आपल्या नावांचा घोळ तर ठाऊकच आहे. एकच ‘मोहम्मद’ इंग्रजीत तीन प्रकारे लिहिला जातो आणि एका माणसाची तीन खाती होतात. किंवा एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या खात्यावर जातो, जे त्याहून घातक. नावाबरोबर जन्मतारीख, मोबाइल आणि असल्यास १४ आकडी आभा क्रमांक ताडला, तर हे बरेच टळेल.

दोष केवळ दवाखान्यांचा नाही. उधारीची चिठ्ठी आपण वर्षानुवर्षे जपतो आणि तपासणीचे कागद पिशवीत कोंबून विसरतो. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत कागद मिळाले पाहिजेत. ते मागावेत, आणि कारखानदार बंधूंनी आपल्या कारागिरांनाही मागायला शिकवावे.

दुसऱ्याच्या दुखण्याचा कागद ही अमानत आहे. ती सांभाळणाऱ्याला मागताक्षणी काढून देता आली पाहिजे.