कोर्स अर्धवट सोडला, पण कुणी?



दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबरला अँटिबायोटिकबद्दल जागृतीचा सप्ताह येतो आणि वस्तीला तोच उपदेश ऐकावा लागतो: अडाणी लोक कोर्स पूर्ण करत नाहीत, म्हणून जंतू औषधाला जुमानत नाहीत. मी तुर्भ्यात बायकांच्या बचत गटांसोबत काम करते. हा उपदेश अर्धाच खरा आहे.

एपीएमसी मार्केटात माल निवडणारी बाई सकाळी पाणी न पिता निघते, कारण शौचालय लांब, घाण, बिनकडीचं. दिवसभर लघवी दाबली की मूत्रमार्गात ई. कोलाय फोफावतात, जळजळ सुरू होते. रोज बुडवून रुग्णालयाच्या रांगेत कोण उभं राहणार? मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या येतात, तेवढेच पैसे असतात. कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात, वाढतात. पुढच्या वेळी तीच गोळी निकामी. २०११ मध्ये मुंबईत महिला संघटनांनी 'राइट टू पी' मोहीम उभी केली, तेव्हा लोक हसले होते. माझ्या लेखी अँटिबायोटिक वाचवायची सुरुवात तिथूनच होते.

आता मोठ्या इस्पितळांकडे या. २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनीच प्रसिद्ध केलं, की कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ आढळलं. कार्बापेनेम शिरेतून देतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तो कोर्स आमच्या कोणत्या बाईने अर्धवट सोडला?

कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. सेफिक्झिमसारखं औषध चिठ्ठीशिवाय देता येत नाही, दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची. तुमच्या नाक्यावर ती वही कुणी पाहिलीय?

आणि आपण? जयंतीच्या आरोग्य शिबिरात लघवीची जळजळ सांगणाऱ्या बायकांच्या हाती मी स्वतः, न तपासता, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या पट्ट्या ठेवल्या आहेत. टाळ्याही घेतल्या.

लघवीच्या कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, पण कोणती गोळी चालेल ते कळतं. नायट्रोफ्युरँटॉइनसारखी जुनी, स्वस्त गोळी आजही अनेकदा लागू पडते. ही तपासणी महापालिकेच्या प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रातून मोफत झाली पाहिजे, असं निवेदन तयार करतेय. १४ एप्रिलच्या तयारीच्या बैठकीत डीजेच्या वर्गणीआधी हा विषय घ्या, आणि सह्यांसाठी बायकांना बोलवा.